अन्सारभाईंचा खेकडा

अन्सारभाई मणियार यांनी बनवलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांची बायको बसत नाही, हे देवळाली गावातल्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खुर्ची असो, झोपाळा असो, साधं स्टूल असो. शकीलाभाभी आधी वस्तूकडे बघतात, मग नवऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "पिन डाली क्या?" उत्तर काहीही आलं तरी त्या चटईवर बसतात.

यामागे इतिहास आहे. मला स्वतःला इतिहासाची आवड नाही. रेल्वेच्या कारखान्यात स्टोअर्सच्या खिडकीमागे माझी नोकरी झाली आणि तिथे नट-बोल्ट मागायला येणारा प्रत्येक जण आधी आपला इतिहास सांगायचा. पण हा सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

अन्सारभाई त्याच कारखान्यात फिटर होते. त्याआधी, उमेदवारीच्या काळात, काही महिने इगतपुरीला होते. तिथल्या यार्डात त्यांनी खेकडा पाहिला. खेकडा म्हणजे घाटात मालगाड्या ओढायला इंग्रजांनी आणलेलं विजेचं इंजिन. मधे ड्रायव्हरची खोली, पुढे एक लांब नाक, मागे एक लांब नाक आणि खाली चाकांना जोडलेल्या दांड्या, ज्या चालताना खेकड्याच्या पायांसारख्या हलायच्या. नुसतं उभं असलं तरी ते कण्हायचं म्हणे. घाटातल्या वळणावर पुढचं नाक आधी वळायचं, मग मधली खोली आणि मग मागचं नाक. एवढं अवजड धूड, पण अंगात सांधे असल्यामुळे वाकायचं. अन्सारभाई तेव्हा विशीतले होते. त्या वयात पोरं दुसरीकडे कुठेतरी बघतात. हे सांध्याकडे बघत बसले.

लग्न झाल्यावर त्यांनी एक जुनी स्कूटर घेतली आणि तिला स्वतःच्या हाताने साइडकार बनवली. बाजारात मिळणारी साइडकार स्कूटरला ताठ जोडलेली असते, म्हणून वळणावर स्कूटर झुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मधे सांधा ठेवला. एक जाड पिन, आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला छोटी कॉटर पिन. ही कॉटर पिन म्हणजे दुमडलेल्या तारेचा एक तुकडा. भोकातून घालायची आणि दोन्ही पाय फाकवायचे.

ईदच्या दिवशी दोघं शकीलाभाभींच्या बहिणीकडे निघाले. भाभी साइडकारमध्ये, मांडीवर शीरखुर्म्याचा डबा. द्वारका चौकात अन्सारभाईंनी मुंबई नाक्याच्या दिशेला स्कूटर वळवली. स्कूटर वळली. साइडकार सरळ गेली. पिन निसटली होती, कारण कॉटर पिन घरी ओट्यावर राहिली होती.

अन्सारभाईंना हे कळलं नाही. ते त्या वेळी बायकोला सांधा कसा काम करतो ते समजावून सांगत होते आणि मुंबई नाक्यापर्यंत सांगत राहिले. तिथे काहीतरी विचारायला म्हणून त्यांनी बाजूला पाहिलं, तर बाजूला रस्ता होता.

इकडे साइडकार एका केळीवाल्याच्या हातगाडीवर जाऊन थांबली. शीरखुर्मा केळ्यांवर गेला. भाभींचा डावा कोपर मोडला. हाड जुळलं, पण कोपर पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. आजही त्या वाळत घातलेली चादर काढतात तेव्हा तो हात अर्ध्यात थांबतो. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. फक्त पिनबद्दल विचारतात. गल्लीतले लोक हसतात, मीही हसलो आहे. पण तो हात थांबला की अन्सारभाई दुसरीकडे बघतात, हे मी पाहिलं आहे. जन्मभर लोकांचे सांधे दुरुस्त करणाऱ्या माणसाने घरातलाच एक सांधा बिघडवला होता, आणि त्याला स्पेअर मिळत नव्हता.

मग त्यांनी सांध्याचा ध्यासच घेतला. कारखान्याच्या लायब्ररीत इंजिनांवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. अन्सारभाईंना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण शकीलाभाभी चहाबरोबर नानकटाई देत, आणि माझ्या घरी डायबेटिसमुळे बंदी होती.

अशा रीतीने, इच्छा नसताना, मला वाकणाऱ्या इंजिनांचा सगळा इतिहास पाठ झाला. गोष्ट तशी सोपी आहे. डोंगर चढायला जोर हवा, जोराला जास्त चाकं हवीत, आणि चाकं वाढली की इंजिन लांब होतं. लांब आणि ताठ वस्तू वळणावर अडते. जिन्यातून पलंग वर नेलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. युरोपातल्या साहेबांना मात्र त्यासाठी आल्प्सच्या घाटात इंजिनांची स्पर्धा भरवावी लागली.

त्यानंतर फेअरली नावाच्या इंग्रज साहेबाने दोन तोंडांचं इंजिन काढलं. मधे भट्टी, दोन्हीकडे बॉयलर, आणि चाकांच्या दोन गाड्या खाली आपापल्या वळणाऱ्या. भट्टी बरोबर मधे आल्यामुळे ड्रायव्हर एका बाजूला आणि कोळसा टाकणारा दुसऱ्या बाजूला. दिवसभर एकत्र काम करायचं आणि एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा शकीलाभाभी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ये अच्छा है."

मग आला मॅलेट. त्याच्या इंजिनात मागची अर्धी चाकं बॉयलरला ताठ बसवलेली आणि फक्त पुढची अर्धी वळणारी. "हे तर तुझ्या अब्बांसारखं," भाभी नवऱ्याला म्हणाल्या. दोघं आपसात हिंदीत बोलतात. मी बरंचसं मराठीत देतोय, त्यामुळे धार थोडी कमी होते.

या सगळ्या इंजिनांची एकच रड होती. सांधा आला की वाफेची नळीही वाकती हवी, आणि वाकती नळी गळते. अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत मोठमोठे इंजिनिअर गळणाऱ्या सांध्यांपुढे हात टेकून बसले होते. हे ऐकून अन्सारभाईंना फार बरं वाटायचं. ते मला तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावायचे.

शेवटी गॅरेट. हा त्यांचा सगळ्यात लाडका. गॅरेटने इंजिनाचे तीन भाग केले. पुढे चाकांची एक गाडी, तिच्यावर पाणी. मागे चाकांची दुसरी गाडी, तिच्यावर कोळसा. आणि मधे बॉयलर, दोन सांध्यांवर टेकवलेला, खाली एकही चाक नाही. पूल असावा तसा. असली इंजिनं आपल्याकडे दार्जिलिंगला आणि बंगाल-नागपूर लाइनवरही आली होती. अन्सारभाई मला म्हणायचे, "खैरनारसाहेब, खेकडा याच घराण्यातला. मधल्याला काही त्रास नाही. वळायचं काम पुढच्या-मागच्याचं. मधल्याने नुसतं बसायचं." मधे कुणाला बसवायचं आहे, हे ते बोलत नसत. बोलायची गरज नव्हती.

अधूनमधून ते घरात काहीतरी बनवत राहिले. मुलगी झाली, जिया, तेव्हा पाळणा बनवला. भाभींनी आधी त्यात गव्हाचं पोतं ठेवून पाहिलं. पोतं पडलं नाही. तरीही जिया गोधडीवरच वाढली. वस्तू बनवून झाली की अन्सारभाई ती समोर ठेवून बाजूला उभे राहायचे. 'बस' असं तोंडाने कधी म्हणाले नाहीत. भाभी तो एक प्रश्न विचारायच्या आणि चटई ओढायच्या. असा संसार झाला. आम्ही दोघं रिटायर झालो. जिया लग्न होऊन मालेगावला गेली.

गेल्या वर्षी अन्सारभाईंचं नाव ऐकून पिंपळगाव बसवंतहून धनराज विधाते आले. त्यांची द्राक्षबाग आहे. नुसत्या द्राक्षांवर भागत नाही म्हणून त्यांनी बागेत पर्यटन सुरू केलं होतं. लोक गाडी करून येणार, द्राक्षं तोडणार, फोटो काढणार, पिठलं-भाकरी खाऊन जाणार. पोरांसाठी त्यांनी बागेभोवती रूळ टाकले होते आणि बाहेरून एक तयार इंजिन आणलं होतं, बगिच्यातल्या झुकझुक गाडीला असतं तसं. ते विहिरीपाशी रोज रुळावरून उतरायचं. एका बाजूला विहिरीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला वेलींची पहिली ओळ, त्यामुळे वळण फार आवळलेलं होतं. विहीर हलवता येत नाही आणि विधाते वेल उपटू देईनात.

आम्ही बघायला गेलो. इंजिन सरळ चाललं, विहिरीपाशी आलं आणि मातीत उतरलं. अन्सारभाईंचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. लोकांच्या नुकसानीवर इतकं खूश होऊ नये. जियाच्या लग्नातही मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

त्यांनी नवं इंजिन बनवायला घेतलं. सगळा पावसाळा त्यात गेला. वाफेचा नाद त्यांनी सोडला होता, कारण बॉयलर म्हटला की सरकारी तपासणी आली. त्यांनी ई-रिक्षाच्या दोन मोटरी घेतल्या. एक पुढच्या नाकात, एक मागच्या नाकात. मधे बॅटरीची पेटी, तिच्यावर छोटी खोली आणि खोलीत शेजारीशेजारी दोन सीटा. मधला भाग दोन सांध्यांवर टेकलेला. रंग हिरवा. नाव त्यांनी दिलं नव्हतं, पण मजुरांच्या पोरांनी बघताक्षणी खेकडा म्हटलं. पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. अन्सारभाई त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते हसत होते.

चाचणीत इंजिनाने विहिरीला असा वळसा घातला की मी स्वतः, इतिहासाला कंटाळलेला माणूस, टाळ्या वाजवून बसलो. नाक वळलं, खोली वळली, मागचं नाक वळलं. पुन्हा घातला, पुन्हा वळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर अन्सारभाई शकीलाभाभींसमोर उभे राहिले. मी दारात चपला घालत होतो. ते म्हणाले, "उद्घाटनाला बसशील?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंडाने विचारलं. भाभींनी हातातलं ताट खाली ठेवलं. "पिन डाली क्या?"

"दोन्हीकडे."

भाभींनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "बैठूंगी." अन्सारभाईंना काय करावं ते सुचेना. त्यांनी तेच ताट उचलून परत ठेवलं.

उद्घाटन नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर होतं. सकाळी आम्ही पिंपळगावला पोहोचलो तेव्हा बागेत गारठा होता. हरसूलकडून दरवर्षी मजुरांची टोळी विधात्यांकडे येते. घडांची विरळणी चालू होती आणि टोळीतल्या बायकांच्या कमरेला कात्र्या आणि सुतळीची गुंडाळी होती. टोळीच्या मुकादम भिमाबाई. उंच, काटक, बोलायला कमी. इंजिनाला सजवायचं काम विधात्यांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. आम्ही पडवीत चहा घेत होतो, तोवर त्या बायकांनी खेकड्याला असं सजवलं की रंग दिसेनासा झाला. झेंडूच्या माळा, केळीची पानं, आंब्याचे डहाळे.

नारळ फुटला. विधात्यांनी भाषण केलं, ते मी सांगत नाही. अन्सारभाई खोलीत बसले. शकीलाभाभी आल्या. चढायच्या आधी त्या थांबल्या. मला वाटलं विचारणार. त्यांनी विचारलं, "पिन डाली क्या?" अन्सारभाई म्हणाले, "डाली." भाभींनी आजूबाजूला पाहिलं. चटई नव्हती. त्या चढल्या आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसल्या. उजव्या हाताने पदर सावरला, डाव्या हाताने दांडी धरली. कोपर वाकलेला.

मी मागच्या डब्यात होतो. गाडी निघाली. वेलींच्या दोन ओळींमधून सरळ रस्ता होता, तो छान गेला. पोरं ओरडत होती. मग विहीर आली.

पुढचं नाक वळलं नाही. ते सरळ कठड्याच्या दिशेने गेलं, चाकं रूळ सोडून मातीत उतरली, खोली तिरकी झाली आणि गाडी थांबली. आवाजसुद्धा फार झाला नाही. चालत्या माणसाच्या वेगाने जाणारी गाडी, कुणाला खरचटलंही नाही. पण सगळे भाभींकडे बघत होते.

अन्सारभाई हँडल धरून समोर बघत होते. "पिन होती," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग पुन्हा, "पिन होती." त्यांचा आवाज ऐकवत नव्हता.

भाभी उतरल्या. त्या कुठे जातात ते मी बघत होतो. फाटकाकडे गेल्या असत्या तर मी त्यांना अडवलं नसतं. त्या पुढे गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, झेंडूची माळ बाजूला केली आणि सांध्यात बोट घातलं. कॉटर पिन जागेवर होती, दोन्ही पाय व्यवस्थित फाकवलेले. त्यांनी ती बोटाने हलवून पाहिली. मग केळीचं पान उचललं.

पानाखाली सुतळी होती. नुसती सुतळी नाही, आत बागेची तार आणि वरून सुतळीचे वेढ्यावर वेढे. इंजिनाचं नाक मधल्या खोलीला असं आवळून बांधलेलं की ते जन्मात हललं नसतं.

"ये किसने बांधा?" भाभींनी विचारलं.

"म्यां," भिमाबाई म्हणाल्या आणि पुढे आल्या. "सकाळी फुलं लावाया गेलो तं तोंड लटालटा हालत व्हतं, बाय. इकडून ढकललं का तिकडं जाय. म्हनलं, मिस्तरी आवळायचं इसरला. तुमी बसणार व्हत्या ना. पडल्या असत्या. म्हून आमी समद्यांनी मिळून बांधलं." आणि वर म्हणाल्या, "घट बांधलंय. सुटायचं नाय."

त्यांचं चुकलं काय? दरवर्षी या बागेत त्या तेच करत आल्या होत्या. काडी वाऱ्यावर लोंबली की तारेला बांधायची, नाहीतर मोडते. लोंबतं दिसलं की हात आपोआप सुतळीकडे जायचा. ज्या एका गोष्टीने लोंबायलाच हवं होतं, ती त्यांनी मायेने बांधून टाकली होती. आणि अन्सारभाई आणि मी, सांध्याचे दोन जाणकार, पडवीत चहा पीत होतो.

विधात्यांचा पारा चढला. ते काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात भाभींनी हात वर केला. डावा हात, जेवढा जातो तेवढा. विधाते गप्प झाले.

"चांगली बांधलीस," भाभी भिमाबाईंना मराठीत म्हणाल्या. "कात्री दे."

भिमाबाईंनी कमरेची कात्री काढून दिली. भाभींनी सुतळीचा एकेक वेढा कापला. तारेला कात्री पुरेना, तेव्हा भिमाबाईंनी स्वतः पीळ उलटा फिरवून ती सोडवली. नाक मोकळं झालं. भाभींनी त्याला हाताने डावीकडे ढकललं, ते गेलं. उजवीकडे ढकललं, गेलं. लग्नानंतर नवऱ्याने बनवलेल्या वस्तूशी त्या पहिल्यांदाच इतका वेळ खेळत होत्या.

मग सरळ उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, "जोड सही था."

अन्सारभाईंनी हँडल सोडलं आणि तोंडावरून हात फिरवला. मला भरून आलं, हे लिहून टाकतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या माणसाने द्वारका चौकापासून इथवर फक्त हे तीन शब्द ऐकण्यासाठी इंजिनं वाचली होती, आणि मी ती नानकटाईसाठी वाचून दाखवली होती.

पहारी लावून पुरुषांनी इंजिन रुळावर चढवलं. फुलं पायदळी गेली होती, पण हिरवा रंग दिसायला लागला होता. अन्सारभाई जागेवर बसले आणि हँडलवर हात ठेवून वाट बघत राहिले. प्रश्नाची वाट बघत होते, हे मला कळत होतं. उत्तर त्यांनी ओठावर तयार ठेवलं होतं.

शकीलाभाभी चढल्या. बसल्या. पदर नीट केला. प्रश्न आलाच नाही. "चलो," त्या म्हणाल्या.

गाडी पुन्हा मागे घेऊन सरळ रस्त्याने निघाली. विहीर आली. नाक वळलं, मग खोली वळली, मग मागचं नाक. आम्ही डब्यातले सगळे कठड्याकडे बघत होतो. अन्सारभाई कठड्याकडे बघत नव्हते, रुळाकडेही बघत नव्हते. सगळ्या वळणभर ते मान वळवून डाव्या बाजूला बघत होते.

"सामने देखो," भाभी म्हणाल्या. "मैं इधरही हूं."